पोच आणि उत्तर
(व्याख्यानाचे शब्दांकन)



लोकशाहीतील मतदार आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहितो, तेव्हा त्याची अपेक्षा फार मोठी नसते. आपली अडचण त्याने वाचावी, त्याविषयी त्याचे मत काय ते स्पष्ट सांगावे आणि तो पुढे काय करणार आहे ते कळवावे, एवढीच ती असते. काही आठवड्यांनी सुबक छपाईचे पत्र येते. पत्राबद्दल आभार मानलेले असतात. आरोग्यसेवेचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असल्याचे म्हटलेले असते. आपले विचार ध्यानात ठेवले जातील, असे आश्वासनही असते. खाली स्वाक्षरी असते. पत्र पोहोचल्याची ही पोच झाली. उत्तर मात्र त्यात कोठेही नसते.

पोच आणि उत्तर यांतील हे अंतर लहान वाटते, परंतु लोकशाहीचे आरोग्य पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते. ते समजून घेण्यासाठी अमेरिकेतील आरोग्यसेवा सुधारणेचा वाद हे उत्तम उदाहरण आहे. तेथे दोन्ही प्रमुख पक्षांनी आळीपाळीने सत्ता भोगली आणि दोघांच्याही प्रतिनिधींनी आळीपाळीने मतदारांना टाळले. त्यामुळे दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय या उदाहरणात नाही.

प्रश्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेत बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्यविमा नोकरीशी बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. कामगार टिकवण्यासाठी कंपन्यांनी वेतनाऐवजी विम्याची सोय देण्यास सुरुवात केली आणि पुढे करसवलतीमुळे ती पद्धत रुजली. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, पण तो संमत होऊ शकला नाही. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि निर्धनांसाठी मेडिकेड या योजना आल्या. १९९३-९४ मध्ये बिल क्लिंटन यांची सुधारणा योजना मतदानापर्यंतही पोहोचली नाही. २००९ मध्ये बराक ओबामा यांनी हा विषय हाती घेतला, तेव्हा तेथे सुमारे ४.६ कोटी लोकांपाशी कोणताही विमा नव्हता.

या व्यवस्थेचा सामान्य कुटुंबावर होणारा परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. नोकरी गेली की विमा जातो. स्वतः विमा घ्यावयास जावे, तर अंगी आधीपासून असलेल्या आजाराचे कारण सांगून कंपनी नकार देऊ शकत असे. मधुमेह असलेल्या गृहस्थाने, कर्करोगातून उठलेल्या स्त्रीने किंवा जन्मतः हृदयविकार असलेल्या बालकाच्या पित्याने प्रतिनिधीला लिहिलेले पत्र हे जिवाच्या काळजीने लिहिलेले पत्र असते. रस्ता किंवा पूल यांच्याविषयीच्या पत्राला वर्षभराने उत्तर आले, तर गैरसोय होते. रोग तेवढा काळ थांबत नाही.

छापील पत्रामागील यंत्रणा

मग अशा पत्राला साचेबंद उत्तर का मिळते? केवळ प्रतिनिधीच्या बेपर्वाईकडे बोट दाखवणे न्याय्य होणार नाही. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाची सदस्यसंख्या ४३५ ठरली, ती १९११ च्या कायद्याने. त्या सुमारास एका सदस्यामागे सुमारे दोन लाख लोकसंख्या होती. २०२० च्या जनगणनेनंतर हा आकडा साडेसात लाखांच्या पुढे गेला. सदस्यसंख्या मात्र तीच राहिली. एका सदस्याला नेमता येणाऱ्या कायम सेवकांची संख्याही अठराच्या मर्यादेत अडकलेली आहे. ई-मेल आल्यावर पत्रांचा अक्षरशः पूर आला. २००४ या एका वर्षात संसदेच्या दोन्ही सभागृहांकडे आलेल्या पत्रांची व ई-मेलची संख्या सुमारे २० कोटी होती, असे याविषयीच्या एका अभ्यासात नोंदले गेले.

अशा वेळी कार्यालयातील तरुण कर्मचारी पत्रांचे गठ्ठे विषयवार लावतात. विधेयकाच्या बाजूचे एकीकडे, विरोधातले दुसरीकडे. प्रत्येक विषयावर वरिष्ठांनी संमत केलेला मसुदा तयार असतो. पत्राची नोंद होते, मसुदा निघतो, स्वाक्षरी यंत्राने उमटते. या पद्धतीत मतदाराचे पत्र मोजले जाते, वाचले जात नाही. मसुदाही असा बेतलेला असतो की, बाजूच्या माणसाला प्रतिनिधी आपल्या बाजूचा वाटावा आणि विरोधकाला तो अगदीच विरोधात वाटू नये. विधेयकावर मतदान कसे करणार, हा एकच प्रश्न विचारणाऱ्यालाही विधेयकाचा इतिहास तीन परिच्छेदांत वाचावयास मिळतो. हप्ता भरता येईना म्हणून इन्शुलिन पुरवून पुरवून वापरणाऱ्या माणसाला तो इतिहास घेऊन काय करावयाचे आहे?

कामाचा बोजा हे या साचेबंदपणाचे कारण मानले, तरी एक गोष्ट त्याने उलगडत नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहात आरोग्य विधेयकावर चर्चा झाली. त्या चर्चेच्या अधिकृत इतिवृत्तात अनेक सदस्यांच्या नावे छापलेला मजकूर शब्दशः सारखा असल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले. तो मजकूर एका मोठ्या औषध कंपनीच्या मध्यस्थांनी लिहून पुरवला होता. डेमोक्रॅटिक सदस्यांसाठी एक मसुदा आणि रिपब्लिकन सदस्यांसाठी दुसरा. आपले मुद्दे ४२ सदस्यांनी उचलले, त्यांत २२ रिपब्लिकन व २० डेमोक्रॅट होते, असा खुद्द कंपनीचाच अंदाज होता. मतदाराच्या पत्राला छापील मसुदा आणि कंपनीचा मसुदा मात्र सदस्याच्या स्वतःच्या शब्दांचा मान घेऊन संसदेच्या इतिवृत्तात! नागरिकाच्या संतापाचे मूळ येथे आहे. प्रतिनिधीला वेळ नाही, हे तो समजून घेईल. वेळ कोणासाठी आहे, हे कळले की त्याचा विश्वास उडतो.

सभागृहातील गोंगाट

पत्राला उत्तर मिळाले नाही की माणूस प्रत्यक्ष जाऊन विचारतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये संसदेला सुटी लागली आणि सदस्य आपापल्या मतदारसंघांत परतले. टाऊन हॉल म्हणजे मतदारांच्या खुल्या सभा घेण्याची तेथे जुनी प्रथा आहे. त्या महिन्यातील सभा कडाक्याच्या झाल्या. पेनसिल्व्हेनियातील लेबनन येथे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांच्यासमोर लोक उभे राहून तारस्वरात बोलले. मॅसॅच्युसेट्समधील डार्टमथ येथे ओबामांची तुलना हिटलरशी करणाऱ्या एका स्त्रीला बार्नी फ्रँक यांनी 'आपण बहुतेक काळ कोणत्या ग्रहावर घालवता?' अशा आशयाचा प्रतिप्रश्न केला.

नागरिकांची बाजू येथे सर्वस्वी निर्दोष होती, असे म्हणता येणार नाही. विधेयकात एक तरतूद होती. आयुष्याच्या अखेरच्या काळातील उपचारांविषयी वृद्ध रुग्णाने डॉक्टरांशी स्वेच्छेने सल्लामसलत केली, तर त्या भेटीचे शुल्क मेडिकेअरने द्यावे. सारा पेलिन यांनी तिचे वर्णन 'मृत्यू मंडळे' असे केले. वृद्धांनी जगावे की मरावे हे सरकारी अधिकारी ठरवणार, अशी भीती देशभर पसरली. ती निराधार होती. पण तिच्यावर लोकप्रतिनिधींनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. सिनेटच्या वित्त समितीने ती तरतूद आपल्या मसुद्यातून काढून टाकली आणि अंतिम कायद्यातही ती आली नाही. समजावून सांगण्याचे कष्ट घेण्यापेक्षा वगळणे त्यांना सोपे वाटले. जेथे उत्तर मिळत नाही, तेथे अफवा उत्तर म्हणून उभी राहते, हा या प्रसंगाचा धडा आहे.

ज्या उत्तराने विश्वास गेला

उत्तर न देण्यापेक्षाही घातक असते ते अर्धेच खरे उत्तर. लोकांची सर्वांत मोठी शंका साधी होती: आमचा सध्याचा विमा राहील काय? ओबामा यांनी ठिकठिकाणी सांगितले की, ज्याला आपली योजना पसंत आहे, त्याला ती ठेवता येईल. २३ मार्च २०१० रोजी विधेयकावर त्यांची स्वाक्षरी झाली. त्या कायद्याने लाभ झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१४ पासून आजाराचे कारण सांगून विमा नाकारणे बंद झाले. सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहता येऊ लागले. परंतु २०१३ च्या शरद ऋतूत, नव्या निकषांत न बसणाऱ्या योजना रद्द झाल्याची पत्रे लक्षावधी कुटुंबांना गेली. ते आश्वासन सर्वांच्या बाबतीत खरे नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याबद्दल खेद व्यक्त केला. 'बहुतेकांचा विमा राहील, काहींना बदलावा लागेल आणि त्याचे कारण हे आहे', असे २००९ मध्येच सांगितले असते, तर काही मते गेली असती. लोकांचा विश्वास मात्र राहिला असता.

पक्ष बदलला, रीत तीच

२०१७ मध्ये रिपब्लिकन पक्ष सत्तेवर आला आणि कायदा रद्द करण्याचा प्रयत्न सुरू झाला. आता सभांमध्ये उभे राहणारे लोक दुसरे होते, प्रश्न उलटे होते. गोंगाट मात्र तोच होता. अनेक सदस्यांनी समोरासमोरच्या सभा टाळून दूरध्वनीवरील सभांचा आसरा घेतला. त्यांत प्रश्न निवडण्याचे नियंत्रण कार्यालयाच्या हाती असते. काही मतदारसंघांत नागरिकांनी स्वतःच सभा भरवली आणि प्रतिनिधीची खुर्ची रिकामी ठेवून तिला प्रश्न विचारले. ४ मे २०१७ रोजी प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी नवे विधेयक संमत केले. त्याच्या परिणामांचा संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने केलेला अंतिम अंदाज मतदानानंतर वीस दिवसांनी आला. २०२६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या २.३ कोटींनी वाढेल, असे त्यात म्हटले होते. 'या विधेयकाने माझे काय होईल?' या मतदाराच्या प्रश्नाचे उत्तर, मत देणाऱ्या प्रतिनिधीनेही जाणून घेतले नव्हते. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये हा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. सुझन कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि कर्करोगाशी झुंजणारे जॉन मॅकेन या तीन रिपब्लिकन सदस्यांची मते निर्णायक ठरली.

२०२५ मध्ये मेडिकेडमधील कपातीच्या वेळी हेच पुन्हा घडले. समोरासमोरच्या सभा घेऊ नका, असा सल्ला पक्षाच्या निवडणूक समितीच्या प्रमुखांनी प्रतिनिधिगृहातील सदस्यांना दिला. मे महिन्यात आयोवा राज्यातील एका सभेत सिनेटर जोनी अर्न्स्ट बोलत असता, लोक मरतील, असे श्रोत्यांतून कोणी ओरडले. आपण सगळेच मरणार आहोत, असे त्या उत्तरल्या. अपात्र व्यक्तींनाच वगळले जाईल, ही आपली भूमिका त्यांनी त्या सभेत मांडली होती. ती चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते एकच वाक्य. पुढे त्यांनी प्रसृत केलेली उपरोधिक क्षमायाचना त्याहून बोचरी ठरली. आजाऱ्याच्या भयाला तत्त्वज्ञानाने गप्प करणे हेही उत्तर टाळणेच होय.

उत्तर देणाऱ्यांचे काय झाले?

या सर्व काळात सरळ उत्तर देणारे कोणी नव्हतेच काय? होते, आणि दोन्ही पक्षांत होते. व्हर्जिनियातील डेमोक्रॅट टॉम पेरिएलो अगदी थोड्या मताधिक्याने निवडून आले होते. २००९ च्या उन्हाळ्यात त्यांनी वीसहून अधिक खुल्या सभा घेतल्या, तासन्‌तास उभे राहून विरोधकांचे प्रश्न ऐकले आणि मग विधेयकाच्या बाजूने मत दिले. २०१० मध्ये ते पराभूत झाले. न्यू जर्सीतील रिपब्लिकन टॉम मॅकआर्थर यांच्या दुरुस्तीमुळे २०१७ चे विधेयक संमत होऊ शकले. मतदानानंतर आठवडाभरातच ते आपल्या विरोधकांचे प्राबल्य असलेल्या विलिंगबरो गावी गेले आणि सुमारे पाच तास संतप्त लोकांना सामोरे राहिले. २०१८ मध्ये तेही पराभूत झाले.

या दोघांची मते परस्परांच्या अगदी विरुद्ध होती. कोणाचे मत योग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण त्यांच्या पराभवातून त्यांचे सहकारी काय शिकले असतील, याचा विचार मतदारांनी केला पाहिजे. सामोरा गेलेलाही पडतो आणि दडून बसलेला अनेकदा तरतो, असे दिसले, तर पुढचा प्रतिनिधी पोचच पाठवील. न पटणाऱ्या स्पष्ट उत्तराचाही मान राखावयाचा असतो, हे समाज विसरला की गुळगुळीत उत्तरांची सवय समाजच प्रतिनिधीला लावतो. मत कोणाला द्यावे हा मतदाराचा अधिकार आहे. पण भूमिकेला विरोध करताना, तोंड देण्याच्या धैर्याची नोंद घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

आपल्यापुरते काय?

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो रोजचा आहे. मुलांकडे कायमच्या वास्तव्यासाठी गेलेल्या आईवडिलांना पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्याखेरीज मेडिकेअर विकत घेता येत नाही. मधल्या काळात त्यांना विमा घेण्याची वाट मिळाली, ती २०१० च्या कायद्यामुळे. तेथील सिनेटमधील एका मताचे पडसाद ठाण्या-पुण्यातील घरांत असे उमटतात.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या दिनचर्येचे नियम सांगताना म्हटले आहे की, काम घेऊन आलेल्या प्रजाजनाला दाराशी ताटकळत ठेवू नये. ज्यांची गाऱ्हाणी क्रमाने पाहावयाची, त्यांत बालक, वृद्ध आणि अनाथ यांच्यासह व्याधिग्रस्तांचाही त्याने वेगळा उल्लेख केला आहे. तातडीचे काम लगेच ऐकावे, पुढे ढकलू नये, असेही तो बजावतो. राजाला जो नियम, तो निवडून दिलेल्या प्रतिनिधीला अधिकच लागू पडतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नेही प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क दिलेला आहे.

अडचण आपल्याकडेही आहे, किंबहुना अधिक आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका मतदारसंघात सरासरी सतरा लाखांहून अधिक मतदार होते. म्हणूनच नागरिकाने प्रश्न असा विचारावा की, पोच देऊन त्यातून सुटता येऊ नये. 'आरोग्यसेवा सुधारा' या मागणीला 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर पुरते. 'आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना जिल्ह्याच्या गावी जावे लागते. येत्या अधिवेशनात आपण यावर तारांकित प्रश्न विचारणार काय?' या प्रश्नाला होय किंवा नाही, एवढीच उत्तरे आहेत. पत्रात एकच विषय असावा. तो ठिकाण, तारीख आणि वस्तुस्थिती यांसह मांडावा. प्रतिनिधीची भूमिका, तिचे कारण आणि पुढील कृतीचा दिवस, या तीन गोष्टी मागाव्यात. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर पत्राची प्रत घेऊन पाच-सात जणांनी मिळून भेटीस जावे. काय सांगितले गेले, त्याची नोंद ठेवावी आणि ती गावापुढे वाचून दाखवावी. ऐकीव गोष्टीवर गोंगाट करू नये, कारण एका खोट्या आरोपामुळे दहा खऱ्या तक्रारी निकालात काढणे सोपे होते. आणि प्रतिनिधीने सकारण नकार दिला, तर तोही शांतपणे ऐकून घ्यावा.

हे काम एखाद्या रागावलेल्या माणसाचे नाही, सातत्याने पाठपुरावा करणाऱ्या समाजाचे आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत अशी चार माणसे उभी राहिली, तर प्रतिनिधीच्या कार्यालयातील छापील मसुदे हळूहळू निरुपयोगी होतील. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला आभाराचे पत्र नको असते. औषध मिळणार की नाही, आणि मिळणार असेल तर केव्हा, हे त्याला हवे असते. ते त्याला मिळवून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.